मॉडचा सोर्स कोड खुला करावा का? चोरीच्या भीतीपलीकडचं उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेमसाठी तुम्ही दोन वर्षं खपून सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत एक मॉड, म्हणजे गेममध्ये बदल किंवा भर घालणारा प्रोग्रॅम, लिहिलात. तो लोकांना आवडला, आणि आता एका अनोळखी खेळाडूने "याचा सोर्स कोड कुठे मिळेल?" असं विचारलं आहे. कोड दिला तर उद्या कोणीतरी नाव बदलून तोच मॉड स्वतःचा म्हणून खपवेल, अशी तुम्हाला धास्ती वाटते. मग कोड खुला करण्यात माझा फायदा काय, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बारा वर्षं वेगवेगळ्या गेमसाठी मॉड लिहिते आहे. त्यातली पहिली पाच वर्षं कोडची एक ओळही कोणाला दाखवली नाही, आणि कारण हुबेहूब तुमचंच होतं. तेव्हा तुमची भीती मी किरकोळ मानत नाही. पण तुम्ही ज्यावर खरा विचार करायला हवा ते वेगळंच आहे. गेमचं पुढचं मोठं अपडेट येईल, तेव्हा तुम्हाला वेळ नसेल किंवा त्या गेममधला तुमचा रसच संपला असेल, तर या मॉडचं काय होणार?

आधी चोरीचं निपटून टाकू. सी शार्पचा मॉड म्हणजे शेवटी एक डीएलएल, म्हणजे कंपाइल केलेल्या (यंत्राला चालवता येईल अशा) कोडची फाइल, आणि ती तुम्ही आजही सगळ्यांना देताच आहात. आयएलस्पायसारख्या मोफत साधनात ती टाकली की तुमचे क्लास, मेथड, आतलं सगळं लॉजिक वाचता येतं. दिसत नाहीत त्या तुमच्या कॉमेंट्स, लोकल व्हेरिएबलची नावं आणि कोड टप्प्याटप्प्याने कसा घडत गेला याचा इतिहास. म्हणजे कोड बंद ठेवून तुम्ही लपवता ते नेमकं तेवढंच, जे मदत करू पाहणाऱ्याला लागतं. चोराला कोड वाचायचाच नसतो. तो तुमची झिप जशीच्या तशी उचलतो, वर्णन बदलतो आणि दुसऱ्या साइटवर चढवतो.

माझे मॉड असे तीनदा उचलले गेले. पहिल्या दोन वेळा कोड बंद होता, आणि मॉड माझा आहे हे पटवायला माझ्याकडे अपलोडच्या तारखेपलीकडे काही नव्हतं. एका साइटने ऐकलं, दुसरीने दाद दिली नाही. तिसऱ्या वेळी कोड खुला होता. मी फक्त रिपॉझिटरीची (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास जिथे ठेवतात त्या जागेची) लिंक पाठवली आणि दुसऱ्या दिवशी ती प्रत काढली गेली. कमिटच्या, म्हणजे त्या इतिहासातल्या एकेका नोंदीच्या, तारखा खोट्या टाकता येतात, हे मला माहीत आहे. पण दोन-तीन वर्षांचे बग रिपोर्ट, त्यावर वेगवेगळ्या माणसांशी झालेली चर्चा, मध्येच फसलेले प्रयोग, हे सगळं मागाहून रचणं कोणालाही जमत नाही. तुमचं नाव राखायला याहून भक्कम पुरावा मला तरी सापडलेला नाही.

मी कोड खुला करायला लागले त्याला निमित्त झालं एका बंद पडलेल्या हार्ड डिस्कचं. बॅकअप सात महिन्यांपूर्वीचा होता, आणि त्याच सुमारास गेमचं अपडेट येऊन मॉड मोडला. मग मी माझाच मॉड साइटवरून उतरवला आणि माझीच डीएलएल डिकंपाइल करून, म्हणजे तिच्यातून कोड परत काढून, वाचायला बसले. कोड मिळाला, पण तो ओळखीचा वाटेना. व्हेरिएबल सगळे नम, नम२, फ्लॅग. एका ठिकाणी अट होती: नम२ तीनपेक्षा मोठा असेल तरच पुढे जा. तीनच का? तिथे मी स्वतः लिहिलेली कॉमेंट होती, ती कंपाइल होताना गळून गेली होती. दोन शनिवार-रविवार गेल्यावर उलगडलं की सेव्ह उघडताना गेम एक इव्हेंट पहिल्यांदा तीनदा फुकटच पाठवायचा, आणि ते तीन वगळण्यासाठी ती अट होती. त्याच रात्री मी सगळे मॉड सार्वजनिक रिपॉझिटरीत टाकले. तेव्हा मनात समाजसेवा अजिबात नव्हती, स्वतःचा कोड पुन्हा हरवू नये एवढंच होतं.

नंतर कळलं की हे आपल्या क्षेत्रात फार आधी घडून गेलं आहे. डूम हा गेम डिसेंबर १९९३ मध्ये आला. तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने नकाशे, चित्रं आणि आवाज इंजिनपासून (गेम चालवणाऱ्या मुख्य कोडपासून) वेगळे काढून वॅड फाइलींत ठेवले होते, त्यामुळे लोक पहिल्यापासूनच स्वतःचे नकाशे बनवत होते. पण इंजिन बंद होतं आणि नकाशे करणारे त्याच्या मर्यादांवर जाऊन आपटायचे. फरशी आणि छताचे जे पृष्ठभाग एका वेळी दिसतात, त्यांना इंजिनात व्हिसप्लेन म्हणतात. त्यांची कमाल संख्या होती १२८. ती ओलांडली की गेम बंद पडायचा. मोठं, उघडं मैदान काढायचं म्हटलं की लोक हा आकडा मनात धरून भिंती उभ्या करायचे. १९९७ च्या डिसेंबरात कंपनीने सोर्स कोड दिला (आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची असल्याने ती वगळून), आणि १९९८ साली बूम नावाच्या पोर्टने, म्हणजे त्या कोडवरून इतरांनी बनवलेल्या आवृत्तीने, ही मर्यादाच काढून टाकली.

त्या पहिल्या परवान्यात बदललेला कोड इतरांना देण्याची सक्ती नव्हती. त्यातून जीएलडूम नावाचा एक पोर्ट निघाला, आणि संगणक कोसळल्यावर त्याचा कोड हरवला. १९९९ साली डूमचा कोड जीपीएल या खुल्या परवान्याखाली पुन्हा दिला गेला. तिथपासून बदललेली प्रत वाटायची तर तिचा कोडही द्यावा लागतो. जीझेडडूम हा पोर्ट त्याच मुळातून नव्या प्रकाशयोजना आणि स्क्रिप्टिंगच्या दिशेने वाढला. चॉकलेट डूम बरोबर उलट्या दिशेला गेला. तो मूळ गेमचे बगसुद्धा जसेच्या तसे जपतो, म्हणजे त्या काळात रेकॉर्ड केलेले खेळ आजही बरोबर चालतात. दोन्ही गटांना हवं ते मिळालं, आणि त्यासाठी कोणाला कोणाची मनधरणी करावी लागली नाही. मॉडिंगमधली निम्मी भांडणं 'मॉड कुठल्या दिशेने न्यायचा' यावर होतात. कोड खुला असला की ज्याला वेगळं हवं तो फोर्क, म्हणजे स्वतःची वेगळी शाखा, काढतो आणि कामाला लागतो.

आता अपडेटकडे येते, कारण खरा फायदा तिथे आहे. मॉड म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेली खोली. मालक कधी पाया हलवेल सांगता येत नाही. ११ नोव्हेंबर २०२१ ला स्कायरिम या गेमची ॲनिव्हर्सरी एडिशन आली. गेम नव्या कंपायलरने बांधला होता, त्यामुळे आतल्या फंक्शनचे पत्ते हलले, आणि एसकेएसई या मॉडसाठीच्या पूरक साधनावर चालणारे डीएलएल प्लगिन एका दिवसात निकामी झाले. ज्या प्लगिनचा कोड उपलब्ध होता, ते मूळ लेखक गायब असला तरी दुसऱ्या कोणाला दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करता आले. ज्यांचा कोड लेखकाबरोबरच निघून गेला होता, त्यांच्या खेळाडूंपुढे दोनच वाटा उरल्या: जुन्याच आवृत्तीवर थांबायचं, नाहीतर कोणीतरी तोच मॉड शून्यापासून लिहीपर्यंत वाट पाहायची.

तुमच्या गेममध्येही हे झालेलं आहे. मार्च २०२४ मध्ये स्टारड्यू व्हॅलीची १.६ आवृत्ती आली आणि वस्तूंचे आकडी आयडी जाऊन मजकुरी आयडी आले. आकड्यांवर विसंबलेला कोड जागोजागी तपासावा लागला. स्मॅपी (या गेममध्ये मॉड चालवणारी प्रणाली) जुन्या मॉडमधल्या काही गोष्टी आपोआप नव्या रूपात बदलून घेते, पण तिलाही सगळं जमत नाही. तिथे कोणीतरी माणूस बसून ओळी वाचाव्या लागतात. त्या आठवड्यात मी घरच्या आजारपणात होते, संगणक उघडलाही नव्हता. परत आले तेव्हा माझ्या दोन मॉडच्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हे बदल घ्या' अशा विनंत्या, तयार होत्या, वेगवेगळ्या माणसांनी पाठवलेल्या, त्यातल्या एकीत चाचणी कशी केली तेही लिहिलेलं. मी वाचलं, विलीन केलं, नवी आवृत्ती सोडली. पाऊण तासाचं काम. कोड बंद असता तर तेच काम माझ्यावर महिनाभर साचून राहिलं असतं, आणि खेळाडू रोज विचारत राहिले असते.

एक लहानशी गोष्ट मात्र मला यापेक्षाही जास्त काही शिकवून गेली. माझ्या एका जुन्या मॉडमध्ये झाडं किती वेगाने वाढतात याचा गुणक मी साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवला होता, १.५. बहुतेकांकडे तो नीट चालायचा. काही थोड्या लोकांकडून मात्र तीन महिने एकच तक्रार येत होती, झाडं भलतीच भराभर वाढतात. मी त्यांचे लॉग मागवले, सेव्ह फाइली मागवल्या, माझ्या संगणकावर सगळं सुरळीत. कोड खुला केल्यावर आठवड्याभरात त्यांच्यापैकीच एकाने एका ओळीची दुरुस्ती पाठवली. त्याची विंडोज जर्मन भाषेत होती. त्या सेटिंगमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम असतो आणि टिंब हजार वेगळे दाखवायला वापरतात. माझा कोड संख्या वाचताना संगणकाच्या भाषेचे नियम लावत होता, म्हणून १.५ मधलं टिंब विभाजक समजून सोडून दिलं जायचं आणि गुणक व्हायचा १५. वाचताना इनव्हेरियंट कल्चर (संगणकाच्या भाषेवर न अवलंबणारे ठरलेले नियम) द्या, एवढीच दुरुस्ती. माझ्या संगणकावर हा बग कधीही दिसला नसता. दिसला तो ज्याला त्रास होत होता त्यालाच, आणि कोड समोर होता म्हणून तो तक्रारीवर न थांबता थेट त्या ओळीपर्यंत पोचला.

शिकण्याबद्दल थोडक्यात सांगते. मी मॉडिंग शिकले ती दुसऱ्यांचे मॉड वाचून. तुमचा मॉडही स्मॅपीवर चालतो, आणि स्मॅपीचा कोड एलजीपीएल या परवान्याखाली खुला आहे. युनिटी या इंजिनवरच्या अनेक गेमचे मॉडर गेमच्या मेथड बदलू देणाऱ्या ज्या हार्मनी लायब्ररीवर अवलंबून असतात, ती एमआयटी परवान्याखाली आहे. आपण सगळे खुल्या कोडच्या खांद्यावर उभे राहूनच मॉड लिहितो. यावरून तुमच्यावर कसलं बंधन येत नाही. पण तुमचा कोड वाचून कोणी पहिला मॉड लिहिला, तर त्याचा आनंद काही वेगळाच असतो, हे मी अनुभवाने सांगते.

इथवरचं एवढंच लक्षात ठेवा: कोड लपवून चोर थांबत नाही, मदतनीस मात्र थांबतात, आणि मॉड तुमच्यापेक्षा जास्त जगायला हवा असेल तर कोड दुसऱ्यांच्या हाती असावा लागतो. आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते पाहू, कारण सरसकट 'खुला करा' असं मी म्हणणार नाही.

पहिलं, तुमच्या कोडमध्ये गेमचाच डिकंपाइल केलेला कोड चिकटवलेला आहे का ते बघा. आपण सगळेच गेमची एखादी मेथड उचलून त्यात दोन ओळी बदलतो. तो भाग तुमचा नाही, आणि तुम्ही त्याला परवाना देऊ शकत नाही. तो हार्मनीच्या पॅचमध्ये बदलून घ्या किंवा नव्याने लिहा. हे कागदी नियम नव्हेत. माइनक्राफ्टचे सर्व्हर चालवणाऱ्या क्राफ्टबकिटमध्ये जीपीएलचा कोड आणि गेमचा स्वतःचा बंद कोड एकत्र मिसळलेला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये एका योगदानकर्त्याने याच मुद्द्यावर कॉपीराइटची नोटीस दिली आणि डाउनलोड बंद पडले. हजारो सर्व्हर ज्यावर उभे होते, ते एका मिश्रणापायी अडलं. नंतर स्पिगट या त्यावरूनच निघालेल्या प्रकल्पाने तयार फाइल देण्याऐवजी ती वापरणाऱ्याच्या संगणकावरच बांधून घेण्याची वाट काढली.

दुसरं, चित्रं आणि आवाज. ते दुसऱ्या कोणी तुम्हाला 'तुझ्या मॉडपुरते वापर' म्हणून दिले असतील, तर ते कोडबरोबर खुले करता येत नाहीत. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांच्यावर काय अटी आहेत ते तिथेच लिहा.

तिसरं, मल्टिप्लेअर. मॉडमध्ये फसवणूक पकडणारा भाग असेल तर तो उघडण्याआधी नीट विचार करा. क्वेक या गेमचा कोड डिसेंबर १९९९ मध्ये खुला झाला आणि लगेचच ऑनलाइन सामन्यांत बदललेल्या क्लायंटने (खेळाडूच्या संगणकावरच्या गेमने) खेळणारे दिसू लागले. त्याचा टिकाऊ उपाय क्लायंटवर विश्वासच न ठेवणं आणि सगळी तपासणी सर्व्हरवर नेणं हा आहे. पण तेवढं काम आज तुमच्याकडून होणार नसेल, तर तो तुकडा मागे ठेवायला हरकत नाही. तुमच्या शेतीच्या मॉडला हे बहुधा लागू नसेल.

परवान्याबद्दल मला सगळ्यांत जास्त विचारलं जातं. कोड नुसता सार्वजनिक ठेवला आणि परवाना लिहिला नाही, तर कायद्याने सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात. लोक तो वाचू शकतात, पण त्यावरून नवी आवृत्ती काढून वाटू शकत नाहीत. म्हणजे तुम्ही गायब झालात तर मॉड पुन्हा अडकलाच. दोन ओळींचा निर्णय आहे, तो घ्या. एमआयटी सगळ्यांत सैल आहे, तुमचं नाव आणि परवान्याचा मजकूर राखून काहीही करा असं सांगणारा. एलजीपीएल म्हणतो की माझ्या कोडमध्ये बदल करून वाटलात तर ते बदलही खुले ठेवा. पूर्ण जीपीएल मॉडसाठी जरा अवघड जागेचं आहे, कारण तुमचा मॉड बंद कोडच्या गेमच्या आत चालतो. तो निवडलात तर त्या गेमशी जोडण्याची वेगळी परवानगी लिहून द्यावी लागते, नाहीतर पुढे वाटणारा माणूस पेचात पडतो. मी स्वतः लहान मॉडना एमआयटी लावते आणि दोन मोठ्यांना एलजीपीएल. तुमची चोरीची धास्ती पाहता तुम्हाला एलजीपीएल मनाला जास्त पटेल असं वाटतं. आणि यांतल्या कुठल्याही परवान्यात तुमचं नाव काढून टाकणं हा उघड भंग ठरतो. तक्रार करताना याचा मला उपयोग झाला आहे.

कोड चढवण्याआधी एक काम विसरू नका. जुन्या कमिटमध्ये एखादी एपीआय की किंवा टोकन (एखाद्या सेवेत तुमच्या नावाने शिरू देणारा गुप्त संकेत) राहिलं आहे का ते शोधा. नुसती ओळ पुसून चालत नाही, इतिहासात ती तशीच असते. माझी अपलोडची की अशीच चौदाव्या कमिटमध्ये पडून होती. की आधी रद्द करा, नवी घ्या, मग इतिहासाचं बघा.

विश्वासाचाही मुद्दा आहे. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडमधून फ्रॅक्चरायझर नावाचा मालवेअर पसरला. तो संगणकावरच्या इतर जार फाइलींनाही लागण करायचा. स्वयंसेवक मॉडरनीच फाइली उलगडून तो कसा चालतो हे लोकांना सांगितलं. तेव्हापासून मला येणाऱ्या पत्रांत "कोड कुठे आहे?" हा प्रश्न वाढला, आणि तो मला रास्त वाटतो. अनोळखी माणसाची डीएलएल आपल्या संगणकावर चालवणं ही लहान गोष्ट नाही. पण कोड खुला आहे एवढ्याने डाउनलोड केलेली फाइल त्याच कोडपासून बनली हे सिद्ध होत नाही. म्हणून मी फाइल माझ्या संगणकावर न बनवता रिपॉझिटरीच्या स्वयंचलित बिल्डमधून बनवते. कोणत्या कमिटपासून कोणती फाइल निघाली ते सगळ्यांना दिसतं.

राहता राहिलं कामाचं ओझं. कोड खुला केला की लोक सूचना करतात, बदल पाठवतात, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला नको असतात. नाही म्हणायला शिका. रीडमीमध्ये (रिपॉझिटरीच्या माहितीपत्रकात) लिहून ठेवा की तुम्ही बग दुरुस्त्या घेता, नवी वैशिष्ट्यं आधी विचारून, आणि उत्तराला दोन आठवडे लागू शकतात. एवढ्या तीन वाक्यांनी माझा ताप खूप कमी झाला. आणि कोड नीटनेटका झाल्यावर टाकेन असं म्हणत थांबू नका. माझ्या पहिल्या रिपॉझिटरीत एक मेथड चारशे ओळींची होती. ती सुटी करून देणारा माणूस आज त्या मॉडचा सहलेखक आहे.

तुम्हाला विचारणाऱ्या त्या खेळाडूला आज एवढंच लिहा: कोड कशासाठी हवा आहे? माझ्याकडे आलेल्या अशा विचारणांमागे बहुतेक वेळा भाषांतर करायचं असतं, दुसऱ्या मॉडशी जुळवून घ्यायचं असतं, किंवा एखादा क्रॅश शोधायचा असतो. भाषांतर असेल तर संवादांची फाइल लगेच देऊन टाका, तिला परवान्याची वाट पाहायची गरज नाही. क्रॅश असेल तर त्याचा लॉग मागवा आणि ज्या मेथडमध्ये तो होतो तेवढी मेथड त्याला दाखवा. बाकीचा कोड साफ करायला, एपीआय की राहिली आहे का ते तपासायला आणि परवाना ठरवायला एक आठवडा घ्या, आणि तो आठवडा लागेल असं त्याला कळवा.